ट्रेक फ्युएल ईएक्स ५: हवा भरण्यापासून टेकडी उतरण्यापर्यंत

ट्रेक फ्युएल ईएक्स ५ या माउंटन बाइकवर अख्खा पावसाळा आणि त्यानंतरचा हिवाळा काढून झालाय, आता ऊन तापायला लागलंय, त्यामुळे हिच्याबद्दल नीट लिहिता येईल असं वाटतंय. टेकडीवर पाणी प्यायला थांबलं की कोणी ना कोणी विचारतंच, पुण्यात फुल सस्पेन्शन, म्हणजे पुढेमागे दोन्हीकडे धक्के खाणारी सायकल, लागते का हो, एवढे पैसे घालायचे का. माझं उत्तर हो आहे, अगदी मनापासून हो आहे, पण एका अटीवर. सायकल घरी आली की ती स्वतःच्या वजनाला आणि आपल्या वाटांना लावून घ्यायची तयारी पाहिजे, आणि ती लागली की मग आपली चालवायची पद्धत तिच्या हिशोबाने बदलायची तयारी पाहिजे. यातलं काहीच करायचं नसेल तर चांगली हार्डटेल, म्हणजे फक्त पुढे सस्पेन्शन असलेली सायकल, घ्या, निम्म्या पैशात येईल आणि जास्त आवडेल.

सायकल काय आहे ते आधी सांगून टाकतो. ही पाचव्या पिढीची फ्युएल ईएक्स, मागे १३० मिलीमीटर ट्रॅव्हल (सस्पेन्शनमुळे चाक जेवढं वरखाली होऊ शकतं ते), पुढे १४०. २०२२ मध्ये सहावी पिढी आली ती १४०-१५० वाली, पण ती आल्यावरही ही ५ नंबरवाली जुनी फ्रेम विकली जातच होती आणि मला तीच हवी होती, कारण आपल्याकडच्या टेकड्यांना १३० भरपूर झालं. फ्रेम अ‍ॅल्युमिनियमची, पुढे रॉकशॉक्स रेकॉन फोर्क (पुढचं चाक धरणारा, धक्के खाणारा दोन पायांचा भाग), मागे एक्स-फ्यूजनचा प्रो २ एअर शॉक (मागचे धक्के हवेवर खाणारा), शिमानो डिओरचे बारा गिअर, मागची कॅसेट १० ते ५१ दातांची, ड्रॉपर पोस्ट, म्हणजे चालवताना सीट वरखाली करता येते. चाकं २९ इंची, अगदी छोट्या साइझना २७.५ इंची येतात. वजन पंधरा किलोच्या वर जातं आणि लिफ्ट बंद असली की ते चांगलंच कळतं. किंमत दोन लाखांच्या पुढे, जुनी घेतलीत तर अर्थात कमी. सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय, त्यामुळे जुन्या बिलांवरच्या किमती बघून अंदाज बांधू नका, नवीन भाव विचारा.

आता मुद्द्याचं. फुल सस घेतल्यावर पहिली खरेदी कोणती तर शॉक पंप. हेल्मेट तुमच्याकडे असणारच म्हणून धरत नाही, नाहीतर ते आधी. गाडीच्या टायरचा पंप किंवा सायकलचा साधा फ्लोअर पंप इथे चालत नाही, शॉकमध्ये हवा अगदी थोडी असते पण दाब प्रचंड असतो, माझ्या शॉकमध्ये १७० पीएसआयच्या (हवेचा दाब मोजायचं एकक) आसपास, आणि त्यासाठी बारीक पोटाचा, नळीवाला, दाब दाखवणाऱ्या काट्याचा पंपच लागतो. काही दुकानं सायकलीबरोबर देतात, बरीच देत नाहीत, घेताना भांडून मागून घ्या. मी ज्या दुकानातून घेतली (नाव लिहीत नाही) त्यांनी सायकल छान जोडून दिली, गिअर एकदम बरोबर, पण शॉकमध्ये हवा किती आहे विचारलं तर काउंटरवरच्या मुलाने अंगठ्याने सीट दाबून बघितली आणि बरोबर आहे सर म्हणाला. माझं वजन किती आहे हे त्या दुकानात कोणीच विचारलं नाही. लाखांची वस्तू विकताना हा एक प्रश्न विचारायलाच पाहिजे असं माझं ठाम मत आहे, कारण त्या एका आकड्यावर बाकी सगळं उभं आहे.

सॅग म्हणजे काय तर तुम्ही सायकलवर नुसते बसलात की सस्पेन्शन तुमच्या वजनाने जेवढं खाली दबतं तेवढं. लोकांना वाटतं दबणं म्हणजे वाया गेलं, कडक असलेलं बरं. पण चाकाला वर यायची जशी सोय लागते तशी खाली जायचीही लागते, वाटेत खड्डा आला तर चाक खड्ड्यात उतरलं पाहिजे आणि तुम्ही होता तिथेच राहिले पाहिजेत, हे सॅगमुळे होतं. मागच्या शॉकला एकूण ट्रॅव्हलच्या २५ ते ३० टक्के, पुढच्या फोर्कला २० टक्क्यांच्या आसपास, इथून सुरुवात करायची. आमच्या शॉकचा स्ट्रोक, म्हणजे दांडा जेवढा आत जातो तो, ५० मिलीमीटरच्या आसपास, म्हणजे ३० टक्के झाले साधारण १५ मिलीमीटर. फोर्क १४० चा, २० टक्के म्हणजे २८.

हे मोजायला फार काही लागत नाही. रविवारी दुपारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये, मी बूट, हेल्मेट, पाण्याची दोन लिटरची बॅग सगळं अंगावर चढवून, कारण टेकडीवर आपण बनियनवर जात नाही, हे वजन धरलंच पाहिजे. बायकोने समोरून हँडल धरलं, मी खांबाला एक हात टेकून चढलो, बसल्याबसल्या दोनचार वेळा जोरात दाबून शॉक मोकळा केला, मग राइडच्या पोझिशनमध्ये स्थिर. शॉकच्या दांड्यावर एक काळं रबरी कडं असतं, ते तिने सरकवून सीलला चिकटवलं, मी हळूच, अजिबात धक्का न देता उतरलो. मग मुलाच्या कंपासमधली पट्टी लावून बघितलं तर कडं जेमतेम ९ मिलीमीटर सरकलेलं. म्हणजे दुकानातून आलेली हवा माझ्यासाठी बरीच जास्त होती. थोडी सोडली, परत चढलो, परत मोजलं, असं करत १५ वर आणलं. या सगळ्याला तासभर गेला असेल पण खरं सांगतो, तो तास घालवल्यावर दुसऱ्या दिवशी पाषाणच्या पंचवटीच्या बाजूने वेताळ टेकडीवर चढलो तेव्हा तीच सायकल आहे यावर विश्वास बसेना.

यात एकदोन गोष्टी कोणी सांगत नाही त्या सांगतो. एअर शॉकच्या आत हवेच्या दोन खोल्या असतात, एक तुम्हाला वर ढकलणारी, एक तिच्या विरुद्ध काम करणारी, आणि हवा एकीतून दुसरीत जायला शॉक थोडा दबावा लागतो. म्हणून रिकाम्या शॉकमध्ये एकदम १७० भरायचं नाही, पन्नाससाठ भरा, सीटवर जोर देऊन आठदहा वेळा हळूहळू दाबा, परत भरा, परत दाबा, असं टप्प्याटप्प्याने. नाहीतर काटा एक सांगतो आणि पहिल्या उतारावर शॉक भलतंच सांगतो. दुसरं, पंप काढताना फुस्स आवाज येतो तेव्हा जीव वरखाली होतो की हवा गेली. चांगल्या पंपात ती हवा नळीतली असते, शॉकमधली जात नाही. पण परत पंप लावलात की शॉकमधली थोडी हवा नळी भरायला जाते आणि काटा आधीपेक्षा कमी दाखवतो. त्यावरून शॉक लीक आहे असं समजून दुकान गाठू नका, दर वेळी पंप लावून आकडा वाचायचा नाद सोडा आणि कड्यावर विश्वास ठेवा.

सॅग झाला की रिबाउंड. दबलेला शॉक किती वेगाने परत वर येतो ते लाल रंगाच्या फिरकीने ठरतं. क्लिक मोजायचे ते पूर्ण बंद करून, तिथून उलटे मोजत, आणि मोबाइलमध्ये लिहून ठेवायचे. अंदाज घ्यायची सगळ्यात सोपी जागा म्हणजे फुटपाथची कड. सीटवर बसून, पेडल न मारता, हळूच फुटपाथवरून खाली उतरा. सायकल एकदा वर येऊन शांत झाली तर बरोबर, दोनतीनदा उचकली तर रिबाउंड फार वेगवान आहे, आणि वर यायलाच आळस केला तर फार हळू. आपल्याकडे लोक हळूच्या बाजूला जास्त झुकतात कारण पार्किंगमध्ये ते मऊमऊ आणि महागडं वाटतं. पण टेकडीवर दगड एकामागून एक येतात, शॉक पहिल्या दगडातून वर यायच्या आत दुसरा येतो, मग तिसरा, आणि तो खालीखालीच दबत जातो, शेवटी ट्रॅव्हल असूनही हाताला धक्के. तेव्हा खडबडीत उतारावर हात दुखत असतील तर हवा कमी करायच्या आधी रिबाउंड एकदोन क्लिक मोकळा करून बघा, बरेचदा तिथेच काम होतं.

फोर्कचं गणित तेच, फक्त त्याचा सॅग बसून मोजू नका, पेडलवर उभं राहून, गुडघे कोपरं जरा वाकवून मोजा. रॉकशॉक्सच्या फोर्कच्या पायावर वजन आणि पीएसआयचा तक्ता चिकटवलेला असतो, सुरुवात तिथून करा. पुढचं मागचं झालं की सायकलच्या मधोमध उभं राहून खाली दाबा, दोन्ही बाजू एकत्र खाली गेल्या आणि एकत्र वर आल्या पाहिजेत. मागचं बसतंय आणि पुढचं ताठ असं असेल तर चढावर पुढचं चाक इकडेतिकडे भरकटतं आणि वळणावर सायकल बाहेर पळते. हे लक्षात आल्यावर मी फोर्कमधली हवा तक्त्यापेक्षा जराशी कमीच ठेवली. आणि राइड संपली की कड्यांकडे बघायची सवय लावा. सगळ्यात मोठ्या फटक्याला कडं टोकाच्या जवळ पोचलेलं पाहिजे. कधीच पोचत नसेल तर तुम्ही विकत घेतलेले वीसतीस मिलीमीटर तसेच पडून आहेत, आणि दर राइडला ठोक्यासकट टोकाला जात असेल तर हवा वाढवा.

हँडल, ब्रेक लिव्हर, सीट हे फार ताणत नाही. लिव्हर आत सरकवून घ्या म्हणजे एका बोटाने ब्रेक लागतो आणि बाकीच्या बोटांनी पकड राहते, सीट जरा पुढे. ब्रेक नवीन असताना धरत नाहीत म्हणून घाबरू नका, रिकाम्या रस्त्यावर वीसच्या स्पीडला न्यायचं, चाक लॉक न करता जोरात स्पीड तोडायचा, असं पंधरावीस वेळा पुढचा, पंधरावीस वेळा मागचा, पॅड आणि डिस्क एकमेकांना बसले की मग बघा.

मिनो लिंकबद्दल मात्र सांगायला हवं कारण ते या सायकलीत आहे आणि बरेच जण हात लावत नाहीत. मागच्या त्रिकोणाच्या वरच्या जॉइंटमध्ये एक छोटा तुकडा असतो, तो उलटा करून बसवला की हेड अँगल, म्हणजे फोर्कचा कल, अर्ध्या डिग्रीने बदलतो आणि क्रँकची (पेडल ज्या दांड्यांवर असतात त्यांची) उंची आठदहा मिलीमीटरने. लो मध्ये सायकल उतारावर जास्त शांत, हाय मध्ये क्रँक उंच. मी हाय मध्ये ठेवलीय आणि तशीच राहणार, कारण पुण्यातल्या वाटा म्हणजे मुरमात रुतलेले बेसॉल्टचे धोंडे, आणि फुल सस तुमच्या वजनाने आधीच दबलेली असते त्यामुळे पेडल हार्डटेलपेक्षा जास्त वेळा दगडाला लागतं. सुरुवातीला माझं सारखं लागायचं. दगड दिसला की पेडलचा पूर्ण फेरा न मारता अर्धा पुढे अर्धा मागे असं करत निघायचं हे पायात बसलं आणि लिंक हाय केली, तेव्हा थांबलं. सपाट मऊ मातीच्या वाटा असणाऱ्यांनी लो ठेवावी.

चालवण्यात काय बदलतं ते आता लिहितो, मला यातलंच सगळ्यात जास्त बोलायचंय.

हार्डटेलवर आपण चढ उभे राहून मारतो. इथे उभं राहिलात की दर पेडलला शॉक खाली दबतो, ताकद तिथेच जिरते. बसा. सीट पूर्ण वर, हलका गिअर, छाती जरा खाली, आणि पेडल गोल गोल फिरवत राहा. खाणीच्या कडेने जी मुरमाची चढण आहे, जिथे हार्डटेलचं मागचं चाक दगडावरून उडून जागच्या जागी फिरायचं आणि पाय टेकायला लागायचा, तिथे ही चाक मातीला चिकटवून ठेवते. चाक दगडावर चढतं, उतरतं, तुम्ही बसल्या जागी असता. ५१ दातांच्या गिअरमध्ये चालणाऱ्या काकांच्या स्पीडने का होईना पण पाय न टेकता वर. फुल सस फक्त उतारासाठी असते असं ज्यांना वाटतं त्यांनी या चढावर एकदा चालवून बघावी. डांबरी रस्त्यावर मात्र शॉकचं लिव्हर फिरवून लॉक करा, एआरएआय या वाहन संशोधन संस्थेच्या रस्त्याने वर जाताना लॉक केलेलीच बरी वाटते. आणि वर पोचल्यावर उघडायचं विसरू नका, मी तर शिटी वाजवल्यासारखं आमच्या ग्रुपमध्ये प्रत्येक उताराआधी लिव्हर म्हणून ओरडतो.

उतारावर बदल डोळ्यांत करावा लागतो. हार्डटेलवर नजर पुढच्या चाकासमोर दोनतीन मीटरवर असते, कारण प्रत्येक दगड चुकवायचा असतो. फुल ससवर तीच सवय ठेवलीत तर तुम्ही डावीउजवीकडे करत बसता आणि सायकलीला काम करायला वावच मिळत नाही. नजर लांब टाका, आठदहा मीटर पुढे, जमलं तर वळणाच्या पलीकडे, आणि मधल्या मुठीएवढ्या दगडांना सरळ जाऊ द्या. लॉ कॉलेजच्या बाजूला उतरणाऱ्या वाटेवर एक खडकाच्या पायऱ्यांचा टप्पा आहे, वर थोडी वळणदार माती, मग गुडघ्याएवढा खडक, त्याखाली लगेच दुसरा, उजवीकडे घायपात. तिथे आधी मी डावीकडून कडेकडेने वाट काढायचो. या सायकलवर आमच्यातल्या एका अनुभवी दादांनी सांगितलं, मधून जा, सीट खाली, टाचा खाली, कोपरं बाहेर, ब्रेक खडकाच्या आधी, खडकावर नाही. सांगितलं तसं केलं. पुढचं चाक खाली गेलं तेव्हा फोर्क दबला, मागचं उतरलं तेव्हा शॉक दबला, आणि मधे मी होतो तिथेच होतो, डोकं समान पातळीत. दुसऱ्या पायरीपर्यंत सायकल सावरलेली होती. हे जे सावरलेलं असणं आहे ना, यासाठीच सॅग, रिबाउंडचा सगळा खटाटोप.

एक मात्र, मागे फार झुकू नका. जुन्या सायकलींवर उतार आला की पोट सीटच्या मागे न्यायची सवय असते. इथे हेड अँगल सपाट आहे, पुढचं चाक लांब आहे, तुम्ही मागे गेलात की पुढच्या टायरवरचं वजन जातं आणि सुट्या मुरमावर ते घसरतं. कंबरेतून वाका, हनुवटी हँडलच्या वर, वजन पेडलवर.

आणि स्पीड. हे मी फार गांभीर्याने लिहितोय. सायकल धक्के खाते त्यामुळे आपण किती वेगात आहोत हे अंगाला कळत नाही. हार्डटेल ओरडून सांगते की आता बास, ही सांगत नाही, आणि पुढच्या वळणावर तुम्ही तुमच्या नेहमीच्या ब्रेकिंगच्या जागी पोचता तेव्हा स्पीड नेहमीपेक्षा बराच जास्त असतो. ब्रेक लवकर लावायला शिका. शिवाय वेताळ टेकडी असो की बावधनची, तिथे सकाळी चालणारे आजी-आजोबा असतात, लहान मुलं असतात, कुत्री असतात. वाट आधी त्यांची आहे. माणूस दिसला की चालण्याच्या स्पीडला या, हाक द्या, गरज पडली तर उतरा. गर्दीच्या वेळी उतार मारायचाच असेल तर उजाडताना जा किंवा शहराबाहेर जा, बोपदेव घाटाच्या वरच्या अंगाला मोकळं रान भरपूर आहे. आपल्यातल्या एखाद्याने कोणाला धडक दिली तर टेकड्या सगळ्यांनाच बंद होतील.

ब्रेकवरून आठवलं, ट्रेकच्या या फ्रेमला मागचा पिव्होट (फ्रेमचा हलणारा सांधा) बरोबर मागच्या एक्सलवर असतो, त्याला ते एबीपी, म्हणजे अ‍ॅक्टिव्ह ब्रेकिंग पिव्होट, म्हणतात. साध्या जोडणीत मागचा ब्रेक दाबला की सस्पेन्शन आखडतं, यात ब्रेक दाबलेला असतानाही शॉक मोकळा राहतो. कागदावर वाचून मला फार काही वाटलं नव्हतं, पण उभ्या खडबडीत उतारावर ब्रेक धरून उतरताना मागचं चाक टणाटण उड्या मारत नाही हे खरोखर जाणवतं. या सायकलीतलं मला सगळ्यात आवडलेलं काय म्हणाल तर हेच.

टायर. रिम ट्यूबलेसला चालते, पहिल्याच आठवड्यात ट्यूब काढून टाका. बाभळीचा काटा आणि दिवाळीनंतर वाळलेले सराटे, हे दोन असताना पुण्यात ट्यूबवर माउंटन बाइक चालवणं म्हणजे पंक्चर काढायला टेकडीवर जाणं. सीलंट (टायरच्या आत टाकायचं, भोक बुजवणारं पांढरं द्रव) टाकल्यापासून घरी येऊन टायरमधून काटे उपटतो, प्रत्येक ठिकाणी पांढरा थेंब येतो आणि बंद होतो. पण आपल्या उन्हात सीलंट लवकर सुकतं, दोनतीन महिन्यांनी व्हॉल्व्ह काढून टाकत जा, उन्हाळ्यात त्याहून लवकर. पुढे मी नंतर मॅक्सिसचा मिनियन डीएचएफ टाकलाय, २.५ इंची, हवा पुढे २१-२२ आणि मागे २४-२५ पीएसआय ठेवतो. टायरमध्ये रस्त्यावरच्यासारखी ४० भरून वर शॉक कडक आहे म्हणणारे बरेच भेटतात. बारीक खडीची थरथर सस्पेन्शनपेक्षा टायरच जास्त खातो, म्हणून हवा बघताना टायर आणि शॉक एकत्र बघा. हिवाळ्याच्या शेवटी गिरिपुष्पाचा पाला वाटेवर पसरतो आणि त्याखाली सुटे दगड लपतात, तेव्हा मी पुढची हवा अजून एक पीएसआय कमी करतो.

पावसाळ्यात मजा वेगळी आणि काम वेगळं. ओल्या लाल मातीत सायकल सुंदर चालते, शेवाळलेल्या काळ्या कातळावर मात्र कुठलंही सस्पेन्शन उपयोगाचं नाही, तिथे सरळ उतरून चाला. घरी आल्यावर प्रेशर वॉशरचा फवारा पिव्होटवर, हबवर, फोर्कच्या सीलवर मारू नका, पाणी आत जाऊन ग्रीस बाहेर येतं आणि बेअरिंग गंजतं. बादली, मऊ ब्रश, फडकं. फोर्कचे आणि शॉकचे चकचकीत दांडे दर राइडनंतर पुसा, मुरमाची धूळ सीलमध्ये गेली की तीच दांड्याला ओरखडे पाडते. पहिल्या काही राइडनंतर सगळे पिव्होट बोल्ट टॉर्क रेंचने तपासा, जोडण्या नव्या असताना बसतात आणि थोड्या सैल होतात, किती घट्ट करायचं ते न्यूटन मीटरमध्ये लिहिलेलं असतं. हाताच्या अंदाजाने आवळू नका, अ‍ॅल्युमिनियमचा आटा एकदा गेला की गेला. पेडल मारताना कुठूनतरी कट कट आवाज आला की लोक आधी बॉटम ब्रॅकेट (क्रँक फिरते ती बेअरिंग) उघडतात. आधी सीटपोस्ट, मग पिव्होट, मग पेडल, ही क्रमवारी लावा.

सर्व्हिसचा खर्च धरूनच सायकल घ्या, हे कोणी दुकानात सांगत नाही. फोर्कच्या खालच्या पायांची सर्व्हिस रॉकशॉक्स ५० तासांनी करायला सांगतं, तेल बदलायचं, सील पुसायचे, वास्तविक फार अवघड नाही, शिकून घेतलं तर घरी होतं. शॉकची आतली मोठी सर्व्हिस मात्र ज्याला येते त्याच्याकडेच, आणि अशी माणसं आपल्याकडे अजून मोजकी आहेत. आठवड्यातून दोनदा टेकडीवर जाणाऱ्याचे ५० तास काही महिन्यांत होतात. पिव्होटची बेअरिंग, सील किट, हँगर (मागचा गिअर बदलणारा डिरेलर ज्याला लटकतो तो तुकडा), हे पार्ट मागवून येईपर्यंत सायकल भिंतीला उभी राहते, त्यामुळे मी एक डिरेलर हँगर आणि ब्रेक पॅडचा एक जोड आधीच आणून ठेवलाय, ऐन सीझनमध्ये फार उपयोगी पडतो.

कोणी घेऊ नये तेही सांगतो. ऑफिसला जायला, सिंहगड पायथ्यापर्यंत रस्त्याने जाऊन यायला, मुळशीच्या बाजूला शनिवार-रविवारच्या लांब राइडला ही घेऊ नका, पंधरा किलो वजन आणि जाड टायर डांबरावर ओढत बसाल. ज्याला बनी हॉप (दोन्ही चाकं उचलून जागेवरून उडी), उड्या शिकायच्या आहेत त्यानेही आधी हार्डटेलवर शिकावं असं मला वाटतं, कारण फुल ससवर तुम्ही दिलेला जोर आधी शॉक खातो, नीट दाबून सोडल्याशिवाय सायकल उठत नाही, आणि तंत्र कच्चं असलं तर ते ट्रॅव्हलखाली झाकलं जातं. रेकॉन आणि प्रो २ हे या भावातले साधे, दणकट पार्ट आहेत, फिरक्या कमी आहेत, महागड्या सायकलींसारखं कॉम्प्रेशन, म्हणजे दबण्याचा वेग, वेगवेगळं लावता येत नाही. पहिल्या फुल ससला मला ते उलट बरंच वाटतं, हवा आणि रिबाउंड एवढंच शिकायचं आणि तेच नीट शिकायचं.

घ्यायचं ठरवत असाल, नवीन किंवा जुनी, तर टेस्ट राइडला शॉक पंप आणि एक पट्टी खिशात घालून जा. मित्राकडून आणा पण न्या. आधी स्वतःच्या वजनाला सॅग लावा, मग फुटपाथवरून रिबाउंड बघा, मगच चालवा, नाहीतर तुम्ही दुसऱ्या कोणाच्या तरी वजनाची सायकल चालवून मत बनवाल. जुनी असेल तर सीट धरून हळूच वरखाली करून बघा, पिव्होटमध्ये ढिलेपणा असेल तर तो हाताला लगेच लागतो, आणि शॉकच्या दांड्यावर नख फिरवा, नख अडकलं तर सौदा सोडा. दुकानदार पंप लावू देत नसेल तर दुसरं दुकान बघा.